भाच्याला दिलेली गाडी

फौजेतून सुटल्यावर मी साताऱ्याच्या एका कारखानदाराकडं ड्रायव्हर होतो. त्यांची गाडी जर्मन होती. बुटकी, लांब, काळी. पुण्याच्या रस्त्याला लागलो की मालक मागं झोपायचे आणि मी पाय जरासा दाबायचो. पाठीमागून कुणीतरी हाताच्या तळव्यानं ढकलावं तशी ती गाडी पुढं जायची, आणि आत आवाज काहीच नाही. फौजेत मी ट्रक चालवले, बर्फात चालवले, पण असं ढकलणं मला तोवर माहीत नव्हतं. त्या गाडीचं मी बोनेटसुद्धा कधी उघडलं नाही. कंपनीची माणसं येऊन घेऊन जायची आणि पुसून आणून द्यायची.

नोकरी सुटली तेव्हा हातात आलेल्या पैशातून गाडी घ्यायचं ठरलं. बायकोचं म्हणणं साधं होतं. पांढरी, लहान, नवी. कोरेगावच्या दवाखान्यात जायला, एखाद्या लग्नाला जायला पुरे. मी हो म्हणत राहिलो आणि मनात ती काळी गाडी फिरत राहिली. जुनी असली तर तेवढ्याच पैशात ती येत होती. नव्या लहान गाडीच्या किमतीत तसली मोठी गाडी का मिळावी, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला तो माझ्या नशिबाचा भाग वाटला.

सांगलीत मिरज रस्त्याला जुन्या गाड्या विकणाऱ्या एकाच्या आवारात ती उभी होती. काळी नव्हती, गडद निळी होती. मोठ्या इंजिनाची, बटण दाबून चालू होणारी. विकणारा चाळिशीचा, गोड बोलणारा. माझी कापलेली मिशी आणि ताठ पाठ बघूनच त्यानं ओळखलं.

"फौजी ना, साहेब?"

"होय. ड्रायव्हर होतो."

"मग मी काय सांगायचं तुम्हाला? तुम्हीच बघा. डॉक्टरची गाडी हाय. एका हाताची."

मी बघितली. तेल बघितलं, इंजिनाचे पट्टे बघितले, टायर बघितले, खाली वाकून गळती बघितली. तासगावच्या रस्त्याला नेऊन पाय दाबला आणि पाठीत तेच ढकलणं आलं. आतला गालिचा कोरा होता. अत्तराचा वास होता. मला ते आवडलं. डॉक्टरनं गाडी किती जपली आहे, असं मी मनात म्हणालो.

"एवढी स्वस्त का?" मी विचारलं.

"लोक भितात, साहेब. मेंटेनन्सला भितात. ही घ्यायला छाती लागती. काल एक मास्तर येऊन हात लावून गेले, अन् परवा एक वकील. तुमच्यासारखाच माणूस घेणार, मला ठावं हुतं."

मी घेतली.

गावात आणली त्या संध्याकाळी अर्धी गल्ली जमली. कुणी म्हणालं कलेक्टर आला वाटतंय. एक म्हातारा काठीनं चाक ठोकत म्हणाला, "फौजी, हिला आपला रस्ता दावलास का? रडंल की रं ती." बायकोनं नारळ फोडला, कुंकू लावलं आणि आत बसून सीटवर हात फिरवत हळूच म्हणाली, "घेतली ते झालं. पण हिचं खाणंपिणं कोण बघणार?"

दोन महिन्यांत ते कळलं. साताऱ्याहून एकटा येत होतो. रस्ता मोकळा, सरळ. समोरचे सगळे दिवे एकदम लागले, आणि मग सगळंच गेलं. इंजिन गेलं. स्टेअरिंग असं जड झालं की दोन्ही हातांनी ओढावं लागलं. ब्रेकवर पाय दिला तर ब्रेक दगडासारखा; नेहमीच्या जोरानं तो खाली जाईना. सरळ रस्ता होता म्हणून गाडी हळूहळू लाकूड अड्ड्यासमोर थांबली. थोडा वेळ बसलो, बटण दाबलं, आणि ती काहीच घडलं नाही अशी चालू झाली. घरी मी काही बोललो नाही.

आणखी एकदा तसंच झालं. मग मी ती साताऱ्यात दाखवली. तिथल्यानं हात जोडले, म्हणाला कंपनीत न्या. पुण्याला कंपनीत नेली तर त्यांनी दुरुस्तीचा जो आकडा सांगितला तो मी गाडीला मोजलेल्या रकमेच्या जवळ जात होता. मी गाडी तशीच परत आणली.

त्यानंतर बायकोचं कानातलं आत पडलं म्हणून पुढची सीट सरकवून मी गालिचाचा कोपरा वर केला. खाली सीटच्या रुळात काळपट, वाळून भेगा पडलेला थर होता. बोटांनी चुरला. पिठासारखा बारीक झाला. मी नदीकाठच्या मुलखातला माणूस. कृष्णेचा पूर ओसरल्यावर भिंतींवर, चुलीवर, देवांवर काय राहतं ते मी लहानपणापासून खरडलं आहे. गाळ ओळखायला मला कुणाची गरज नव्हती. मग सीटचा पट्टा टोकापर्यंत ओढून काढला. रोज दिसणारा भाग काळा स्वच्छ होता. आत गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर पाण्याची पिवळी रेघ होती. सांगलीच्या महापुरात ही गाडी सीटच्या वर बुडाली होती.

मी तसाच सांगलीला गेलो. विकणाऱ्यानं मला चहा दिला. आवाजही चढवला नाही.

"फौजी, गाडी तुमी बघितली का मी?"

"मी."

"चालवून बघितली?"

"बघितली."

"पसंत केली. घेऊन गेला. आता चार लोकात सांगणार का, फौजेतला ड्रायव्हर बुडालेली गाडी घेऊन आला म्हणून? सांगा की. लोक मला हसत्याल का तुम्हाला?"

त्याच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं, आणि त्यालाही. मी चहा पिऊन परत आलो. आज वाटतं, मी तिथं भांडलो असतो, गावात जाऊन सांगितलं असतं, लोक महिनाभर हसले असते. महिनाभर. त्याहून जास्त नाही.

आता माझ्या बहिणीचं सांगतो. ती माझ्याहून पाच वर्षांनी लहान, कुंडलला दिलेली. दाजींचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, ऊस आणि थोडी द्राक्षबाग. एकच मुलगा. आमच्याकडं मामानं भाच्याच्या पाया पडायचं असतं. तो पाळण्यात होता तेव्हापासून मी दर खेपेला वाकून त्याच्या पायाला हात लावायचो आणि तो मोठा झाल्यावर लाजून पाय मागं घ्यायचा. "मामा, मिलिटरी माणसानं असं करू ने," म्हणायचा. मी सांगलीहून गप्प परत आलो तेव्हा तो पस्तिशीला आला होता आणि त्याच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळत नाही, हे सगळ्या घरात चाललेलं होतंच. त्या दिवसांत आमच्याकडं आला असताना तो गाडीतून माझ्याबरोबर कोरेगावपर्यंत आला, उतरला, आणि दार लावताना त्यानं ते दोन्ही हातांनी, तान्ह्या मुलाला ठेवावं तसं लावलं.

"आवडली?" मी विचारलं.

"आवडायची काय, मामा. स्वप्नात बी येणार न्हाई असली."

"घेऊन जा."

तो हसला. मी गंमत करतोय असं त्याला वाटलं. माझ्याही तोंडून ते नकळत गेलं होतं, पण बोलता बोलता मला त्यातली सोय दिसली. परक्याला विकली असती तर त्यानं मेकॅनिक आणला असता, गालिचा उचलला असता. भाच्याला दिली तर गाडी जाते आणि वर नाव होतं. ज्या हौसेची लाज वाटत होती तिचा मोठेपणा होतो. मी तेव्हा हे इतकं स्पष्ट मनाशी म्हणालो नाही, पण मला ते कळत होतं. त्याला मी फक्त एवढं म्हणालो की जरा जपून चालव, जुनी आहे.

कुंडलला गाडी गेली तेव्हा बहिणीनं मला ओवाळलं. भाऊबीज नसताना. भाचा म्हणाला, एकदा सांगलीत नेऊन कॉम्प्युटरला लावून बघतो, म्हणजे काय करायचं ते करून टाकू. त्यावर दाजी उसळले.

"मामानं दिल्याली चीज मेकॅनिकला दावतोस? मामाची परीक्षा घ्यायची का? लाज हाय का न्हाई जरा?"

"तसं न्हवं, आबा..."

"न्हवं तर न्हवं. पाव्हणं, तुमी मनावर घिऊ नका. पोरगं लय शिकलंय."

मी हसलो. "असू द्या दाजी, लहान आहे," म्हणालो. मामाकडून आलेलं पारखून घ्यायचं नसतं, ही आमच्यातली रीत. तिच्या आड उभा राहून मी भाच्याला वाचवणारी एकमेव गोष्ट त्याला करू दिली नाही.

आमच्या गावच्या यात्रेला माहेरवाशिणी येतात. बहीणही यायची. त्या वर्षी ती मुलाशेजारी पुढच्या सीटवर बसून येत होती. कराडच्या अलीकडं एक उतार आहे आणि उताराला वळण. तिथं गाडी मेली. जड स्टेअरिंग त्यानं ओढलं, दगडासारखा ब्रेक त्यानं दाबला, आणि गाडी मोरीच्या कठड्यावर गेली. धडकेला एअरबॅगचे फुगे उघडायला हवे होते, ते उघडले नाहीत. भाच्याचं मनगट मोडलं. बहिणीचा खुबा आणि कंबर.

मी कराडच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा भाचा बाहेर बाकावर बसून ज्याला त्याला सांगत होता, "गाडी एकदम बंद पडली. सगळं मेलं एकदम." कुणाचा विश्वास बसत नव्हता, कारण गाडी ओढून न्यायला आलेल्या माणसानं सहज बटण दाबलं आणि मोडक्या तोंडानं ती चालू झाली होती. ते सगळ्यांनी ऐकलं होतं. एवढं मोठं इंजिन, तरणा माणूस, उताराचा रस्ता. लोकांनी आपापलं ठरवलं होतं. पोलीस हवालदार कागद घेऊन माझ्याकडं वळला.

"आधी तुमच्याकडं होती ना गाडी? फौजेत ड्रायव्हर होता म्हणे तुम्ही. अशी बंद पडायची का?"

दाजी माझ्याकडं बघत होते. भाचाही बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती, कारण आता मामा बोलणार होता.

"माझ्याकडं कधी बंद पडली नाही," मी म्हणालो.

दाजी उठले आणि त्यांनी मोडक्या मनगटाच्या पोराच्या थोबाडीत मारली. दवाखान्यात, सगळ्यांदेखत. मी त्यांचा हात धरला. "मारू नका, पोराचं वय आहे, होतं असं," म्हणालो. म्हणजे दुसऱ्यांदा तेच खोटं बोललो, फक्त मायेनं बोललो.

बहीण जगली. वॉकर धरून पडवीपर्यंत यायची. खाली बसणं गेलं, चूल गेली, रान गेलं. भाच्याला जे एक स्थळ जवळपास ठरलं होतं त्यांनी निरोप पाठवला. पुढं कुणी आलं नाही. आईला लुळं करणारा, असं नाव झाल्यावर कोण येणार. त्यानं स्टेअरिंगला पुन्हा हात लावला नाही. पलूसला बाजाराला जायचं तरी एसटीनं जायचा.

वर्षभरानं मला ते सोसेना म्हणून मी कुंडलला गेलो. तो बागेत वेलीच्या तारा आवळत होता. मी बांधावर बसलो आणि सगळं सांगितलं. गाळ, पट्टा, सांगलीचा तो माणूस. त्यानं पक्कड खाली ठेवली नाही.

"मला ठाऊक हाय, मामा."

"कसं?"

"भंगारवाल्यानं सीटा काढल्या तवा मी हुतो तितं. गाळ बघितला."

"मग बोलला का नाहीस? आबाला सांगायचं."

"अन् आईला?" तो म्हणाला. "तिला म्हायार म्हंजी तुमी. दुसरं कोन हाय? तुमी यायचं म्हटलं की दोन दिस आधी केस धुऊन बसती. माझ्यावर राग धरून बी ती माझ्या हातचं जेवती. तुमच्यावर धरला तर कुटं जाईल?"

"मी सांगतो तिला. मला सांगू दे."

"सांगू नका. ती हाय तवर सांगू नका."

मी गप्प बसलो. मला ते आवडलं, हे इथं लिहायलाच हवं. मी कबूल करायला गेलो आणि त्यानं मला गप्प बसायचं कारण दिलं. परतीच्या एसटीत मी बऱ्याच दिवसांनी झोपलो. त्यानंतर दर भाऊबीजेला जात राहिलो. बहीण खुर्चीत बसून ओवाळायची आणि ताट हातात असतानाच म्हणायची, "माझ्या दादानं हौसेनं दिली हुती रं. ह्यानं मातीत घातली." भाचा तिच्यामागं उभा राहून ताट पडू नये म्हणून खालून हात लावायचा.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. आमच्याकडं बाई गेली की तिच्या अंगावर माहेराकडचं लुगडं घालतात. मी ते घेऊन गेलो. घातलं. स्मशानात अग्नी द्यायची वेळ आली तेव्हा भाचा मडकं घ्यायला पुढं झाला, तर दाजींनी त्याला हातानं मागं सारलं.

"तू न्हाई. जिती हुती तवा काय दिलंस ते पुरं झालं."

त्यांनी पुतण्याला पुढं घेतलं. भावकी उभी होती. बहीण आता नव्हती, तेव्हा गप्प बसायचं ते कारणही उरलं नव्हतं. बोलायला मला एक पाऊल पुढं यावं लागलं असतं. मी आलो नाही. भाचा उरलेली लाकडं रचू लागला, मग बाजूला जाऊन उभा राहिला, आणि पुतण्यानं माझ्या बहिणीला अग्नी दिला. आयुष्यात केलेलं सगळं एका बाजूला आणि ती चार-पाच मिनिटं एका बाजूला, असं मला आता वाटतं.

तेराव्याला पंगत बसायच्या आधी मी बोललो. भावकीतली माणसं, दाजी, भाचा, सगळे होते. उभा राहिलो आणि फौजेत अहवाल देतात तसं सरळ सांगितलं. गाडी पुरातली होती. मला ठाऊक होतं. माझ्याकडं दोनदा मेली होती. मी हवालदाराला खोटं सांगितलं.

दाजी मुलाकडं वळले.

"तुला ठाऊक हुतं?"

"व्हय."

"मग त्या दिशी मी तुला मागं सारलं तवा..."

दाजींनी माझ्याकडं बघितलं.

"तुजं लुगडं तिच्यासंगं जळलं," ते म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा एकेरी हाक मारली. "ते कसं काढू आता मी तिच्या अंगावरनं?"

ते उठून आत गेले. मला वाटलं, निदान आता भाच्याचं नाव सुटलं.

तसं झालं नाही. मी पायऱ्या उतरत होतो तेव्हा भावकीतल्या एका वयस्कर माणसानं माझा खांदा धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "फौजी, मोठं काळीज हाय तुमचं," तो म्हणाला. "भाच्यासाठी एवढं अंगावर घेतलं. पर आमी काय दूधखुळं हाय व्हय? गाडी चालू झाल्याली समद्यांनी बघितली हुती."

मी म्हणालो, खरंच सांगतोय. त्यानं मान हलवली आणि आणखी जोरात खांदा दाबला.

आता दोन्ही गावांत हेच चालतं. उतारवयातला मामा भाच्याचं लग्न जमावं म्हणून त्याचा दोष आपल्या माथी घेतोय. पलूसच्या बाजारात एक अनोळखी माणूस माझ्या पाया पडला. जितक्यांदा खरं सांगावं तितका मी मोठा होतो आणि भाचा तितकाच त्याच जागी राहतो. आयुष्यभर भाच्यांवर माया करणाऱ्या मामांनी जे नाव कमावून ठेवलं आहे, त्याच्यापुढं माझं खरं कुणाला खरं वाटत नाही. विश्वास फक्त दाजींचा बसला. त्यांनी मुलाला जवळ घेतलं का, मला ठाऊक नाही. त्या घरात मला आता जाता येत नाही.

म्हणून हे लिहून ठेवतो आहे, सवडीनं, मोठेपणाची एकही जागा न ठेवता. ज्याच्या घरात मुलगी आहे आणि कुंडलच्या त्या पोराचं नाव निघाल्यावर ज्याची मान नकाराला हलते, त्यानं हे वाचावं. मी त्याच्यावर माया केली म्हणून बोलत नाही. माया केली असती तर गालिचा उचलून दाखवला असता. गाडी उतारावर मेली होती. आई शेजारी होती आणि त्यानं दोन्ही पायांनी ब्रेक दाबून धरला होता. गाडीतून काढायला आलेल्या माणसांना त्याचे पाय तिथून सोडवावे लागले. हे त्यांनी मला दवाखान्यातच सांगितलं होतं. मी ते तेव्हा कुणाला कळू दिलं नाही.